मे महिन्यातली न म्हटलेली ओळ

मे महिना मला कधीच आवडला नाही. ब्लाउज पाठीला चिकटतो, दूध नासतं, दुपारी आडवं व्हावं तर पंखा गरम वारा मारतो. लोक आंब्याचं कौतुक करतात. आंबा चांगलाच असतो, पण त्याच्यासाठी एवढा घाम गाळावा असं मला वाटत नाही. तरी यंदाही मे आला. दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी क्रूसाजवळ घंटी वाजली आणि मी वॉकर धरून उठले.

आमचं गावठाण अंधेरीला, साकीनाक्याच्या अलीकडे. बाहेरून येणाऱ्याला ते सापडत नाही, कारण चारी बाजूंनी टॉवर झालेत. दोन टॉवरच्या मधल्या फटीतून आत शिरलं की आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस. एप्रिलच्या शेवटी त्याला रंग लागतो. माझ्या लहानपणी चुना आम्ही पोरीच लावायचो, आता रंगारी येतो आणि चुन्याऐवजी ऑइल पेंट फासतो. चकचकीत दिसतं. मला ते आवडत नाही, पण मला विचारतो कोण?

मे महिना मरियामातेचा. महिनाभर रोज संध्याकाळी क्रूसाजवळ रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, होते आणि घराघराचा नंबर लागतो. ज्या घराचा नंबर त्या घरच्या बाईने झेंडूचा हार आणायचा, मेणबत्त्या लावायच्या, रोझरी सांगायची आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे. चण्यांत खोबऱ्याचे बारीक तुकडे असतात. पोरं त्या खोबऱ्यासाठी प्रार्थनेला यायची. मीही त्यासाठीच यायचे. उन्हाने मेणबत्त्या इतक्या मऊ झालेल्या असायच्या की लावल्यावर हळूहळू वाकायच्या, आणि आम्ही पोरी नमो मरिये म्हणता म्हणता कुठली मेणबत्ती आधी पडते ते बघायचो.

विमानतळ जवळ. विमान डोक्यावरून गेलं की कोणाला काही ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली आहे, ती दुसऱ्या कुठल्या गावात नसेल. विमान आलं की रोझरी सांगणारी थांबते, सगळे वर बघतात, विमान गेलं की जिथे थांबली तिथून ती पुढे सुरू करते. पाहुणे आले की त्यांना वाटतं आम्ही विमानालाच नमस्कार करतो.

आता ती प्रार्थना कशी म्हणतात ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रोझरी दोन भागांत म्हणतात. सांगणारी अर्धी म्हणते, उरलेली अर्धी बाकीचे. ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना त्यात पुन्हा पुन्हा येते. तिचा पहिला भाग सांगणारीचा. देवाचं राज्य येवो, आणि मग, जसं स्वर्गात तसं पृथ्वीवर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ही ओळ संपली की बाकीचे ‘आमची रोजची भाकर’ म्हणून पुढे उचलतात. म्हणजे ती इच्छेची ओळ क्रूसाजवळ एकट्या बाईने म्हणायची असते, सगळ्यांच्या वतीने. चर्चमध्ये ती सगळे मिळून म्हणतात. तिथे एखादं तोंड मिटलेलं राहिलं तर कोणाला कळत नाही. हे मला माहीत आहे, कारण एका वर्षी ईस्टरनंतर मी दर रविवारी त्या ओळीला तोंड मिटून घेत होते.

त्या वर्षी माझी सेलिन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा संपली होती आणि आम्ही दोघी गच्चीवर मिरच्यांचे देठ काढत बसलो होतो. आमच्या लोकांत वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो. मिरच्या वाळवायच्या, सगळं भाजायचं, कुटायचं आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायचं, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. कुटणाऱ्या बाया आल्या की सगळी गल्ली शिंकायची. आता मिक्सरवाल्याकडे देतो. तो वास येत नाही, शिंकाही येत नाहीत.

तर देठ काढता काढता सेलिन म्हणाली, “ममा, जूनपासून मी इथे नसेन.”

मला वाटलं कॉलेजची सहल. विचारलं, कुठे चाललात?

“सिस्टर व्हायला,” ती म्हणाली. “कॉन्व्हेंटमध्ये, कायमची.”

मी मिरचीचा हात डोळ्याला लावला. चुकून लागला. मग कितीतरी वेळ मी नळाखाली डोळे धूत होते आणि ती मागे उभी राहून माझ्या पाठीवर हात फिरवत होती. त्यातलं मिरचीचं पाणी किती आणि माझं किती, ते मी तपासलं नाही.

आम्हाला ती एकटीच. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. बांद्र्याच्या मातेला मेणाचं बाळ वाहून, सासूचं ऐकून, डॉक्टरांचं ऐकून शेवटी झालेली पोर. हे सगळ्या गावठाणाला ठाऊक होतं. म्हणून बातमी फुटल्यावर शेजारच्या कार्मेलबाय सकाळी सकाळी आल्या. माझ्या सासूच्या वयाच्या बाई, क्रूसाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, मागून घेतलेलं कधीतरी परत द्यावं लागतं गं आग्नेस.

मी म्हटलं, “कार्मेलबाय, पोरगी आहे ती. शेजारून आणलेला वरवंटा नाही.”

त्यांनी चहा पूर्ण प्यायला आणि मगच रागावून गेल्या.

माझा नवरा सायमन साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. दिवसभर लेथचा आवाज ऐकून घरी आल्यावर त्याला बोलायला नको असायचं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला की देवाने मागितलं तर आपण नाही म्हणणारे कोण. मी म्हटलं, मागितलं असतं तर मी विचार केला असता. माझ्याकडे कोणी मागायला आलं? पोरीने परस्पर कबूल केलं आणि मला निकाल सांगितला. सायमनने ताटात हात धुतला. दुसऱ्या दिवशी तो येताना पत्र्याची ट्रंक घेऊन आला, निळ्या रंगाची, आणि रात्रभर तिच्या कडा कानशीने घासत बसला, पोरीचे कपडे फाटू नयेत म्हणून. मी त्या ट्रंकेत काहीही घालणार नाही असं सांगून टाकलं.

मी स्वस्थ बसले नाही. बोरिवलीच्या एका ओळखीच्या बाईंचा मुलगा बोटीवर होता, त्याला घरी बोलावला. चांगला उंच होता. सेलिनने त्याला कोकम सरबत दिलं, समोर बसली आणि सरळ सांगितलं की मी कॉन्व्हेंटमध्ये जाणार आहे, ममाला अजून पटलेलं नाही, म्हणून तुम्हाला त्रास. तो बिचारा दोन ग्लास सरबत प्यायला आणि जाताना तिला म्हणाला की माझी बोटीची परीक्षा आहे, जरा प्रार्थना कर. मी दारात उभी होते. मी ग्लास उचलले.

आमच्या चर्चचे फादर घरभेटीला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, तुम्ही फादर झालात तेव्हा तुमच्या आईला विचारलं होतं का? सायमनने माझ्याकडे डोळे वटारले. फादर तरुण होते, हसले. म्हणाले, नाही विचारलं, आणि तिने माझ्याशी अबोला धरला. मग तिची दाढ दुखायला लागली, आणि डॉक्टरकडे न्यायला नेमका मीच सुट्टीवर घरी होतो, तेव्हा अबोला सुटला. मी म्हटलं, माझे दात चांगले आहेत.

लोक म्हणतात देवाला शरण जावं. शब्द छान आहे. चर्चमध्ये, गाण्यात, प्रवचनात छानच वाटतो. मी जे पाहिलं ते असं की माणसं ज्या गोष्टीवर त्यांचा जीव नसतो ती लगेच देवाच्या हाती सोपवतात. पाऊस, भाव, सरकार, दुसऱ्याचं आजारपण. मीही सोपवायचे. माझी इच्छा आणि त्याची इच्छा तोवर कधी एकमेकींच्या आड आल्या नव्हत्या, म्हणून मला वाटायचं की मी मोठी भाविक बाई आहे.

मग मे महिन्यात आमच्या घराचा नंबर आला.

मी चणे उकडले, हार आणला, चांगलं लुगडं नेसले. आम्ही सणावाराला अजून लुगडं नेसतो, लाल चौकडीचं. गल्ली भरली होती. सेलिन माझ्या उजव्या हाताला, सायमन मागे पुरुषांत. मला प्रार्थना वाचून म्हणावी लागत नाही. मी चौथी शिकलेली, पण प्रार्थना सगळ्या पाठ. सुरू केलं. ‘हे आमच्या बापा’पर्यंत आले. तुझं राज्य येवो, म्हटलं आणि थांबले.

सगळ्यांनी वर पाहिलं. विमान नव्हतं.

आकाश मोकळं होतं, वटवाघळं जांभळाच्या झाडावरून निघाली होती. लोकांनी माना खाली केल्या आणि माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ती ओळ ऐकल्याशिवाय पुढचं उचलता येईना. मी विसरले असं वाटून कोणीतरी मागून हळूच ती ओळ सांगितली. मी गप्पच. शेवटी कार्मेलबायनी खणखणीत आवाजात ‘आमची रोजची भाकर’ ओढून घेतली आणि सगळे त्यांच्या मागे गेले. नमो मरिये मी नीट म्हटले. पुन्हा ती प्रार्थना आली, पुन्हा मी तिथेच थांबले. या वेळी कोणी सांगायला आलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. मेणबत्त्या वाकल्या होत्या. शेवटपर्यंत असंच चाललं, दर खेपेला मी गप्प आणि कार्मेलबायची भाकर.

माझ्या उजव्या हाताला सेलिन नुसती उभी होती. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मी चणे वाटले. कार्मेलबायनी ओंजळ पुढे केली आणि हळू म्हणाल्या, आज देवाला सुट्टी दिलीस गं. मी त्यांना जास्त खोबरं घातलं.

मी ते मुद्दाम केलं. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. ती ओळ म्हटली असती तर ते खोटं झालं असतं, आणि तेही सगळ्या गल्लीच्या वतीने. देवाशी भांडावं, खोटं बोलू नये, एवढं माझ्या आईने शिकवलं होतं.

घरी आल्यावर मी भांडी घासायला घेतली. सेलिन शेजारी येऊन विसळायला लागली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला काहीतरी धार्मिक सांगेल. मी तयारीत होते.

ती म्हणाली, “ममा, मलापण नाही जमत ती ओळ.”

“म्हणजे?”

“तिथे आले की मीपण थांबते. तुला, पप्पांना सोडायचं. हे घर. मला मूल हवं होतं गं, पुढे कधीतरी.”

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, “मग जातेस कशाला?”

“जमेपर्यंत म्हणायला,” ती म्हणाली. “इथे राहून मी ती गाळत बसेन. तुझ्यासारखी.”

मला राग यायला हवा होता. पण तोवर मी समजत होते की तिला जाणं सोपं आहे आणि अवघड सगळं माझ्या वाट्याला आलंय. एवढ्या दिवसांत मी तिला काय काय विचारलं होतं, पण तुला भीती वाटते का, हे विचारलंच नव्हतं. मी पुन्हा पातेलं उचललं. त्यानंतर आम्ही वालाच्या बिरड्याबद्दल बोललो, वाल भिजत घालायचे होते.

जूनमध्ये तिला पोचवायला आम्ही दोघं गेलो, नाशिककडे. मोठं आवार होतं, झाडं, स्वच्छ झाडलेलं. माझं सगळं लक्ष घाणेरडं कुठे आहे ते शोधण्यात होतं, सापडलं नाही. दारात एक म्हाताऱ्या सिस्टर आल्या, सेलिनला जवळ घेतलं आणि ट्रंक घ्यायला वाकल्या. एक कडी सायमनच्या हातात होती, दुसरी माझ्या. सायमनने सोडली. माझ्या बोटांना सुटेना. मी बोटांना सांगत होते, सोडा, पण ती ऐकेनात. सिस्टर वाकलेल्याच राहिल्या, त्यांनी ओढलं नाही. त्यांना याची सवय असावी. मग एक बोट सुटलं, मग बाकीची. त्यात प्रार्थना नव्हती, भक्ती नव्हती, माझी मर्जीही नव्हती म्हटलं तरी चालेल. हात दुखला म्हणून सुटला असेल. पण सुटला तो मीच सोडला, एवढं खरं.

त्यानंतरचं घर कसं होतं ते सांगत नाही. घर होतं. सायमन कामावर जायचा, मी स्वयंपाक करायचे, मसाला उरायचा.

पुढच्या वर्षी मे महिना आला तेव्हा आमच्या नंबराच्या दिवशी मला ताप होता. खरंच होता. सायमनने सांगितली रोझरी. त्यानंतरच्या वर्षी एप्रिलच्या कडक उन्हात दुपारी दार वाजलं. सेलिन उभी होती, तीच निळी ट्रंक पायाशी.

तिने स्वतःहून कॉन्व्हेंट सोडलं नव्हतं. सिस्टरांनी तिला बसवून, समजावून सांगितलं होतं की तू चांगली मुलगी आहेस, पण हे आयुष्य तुझं नाही, बाहेर राहून सेवा कर. का, ते आम्हाला नीट कधी कळलं नाही. तिलाही कळलं नाही. ती म्हणाली, मी रडून विनंती केली ममा, अजून एक वर्ष मागितलं, पण नाही म्हणाल्या.

आता बघा. मला जे हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं. पोरगी परत माझ्या घरात, माझ्या खाटेवर, माझ्या ताटातलं जेवत. आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. बोलावलं की उठायची, सांगितलं की जेवायची. मी तिच्या आवडीची बोंबलाची चटणी केली, तिने खाल्ली आणि ताट घासून ठेवलं. असं बरेच दिवस.

एका दुपारी मला राहवेना. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी अनवाणीच क्रूसाजवळ गेले, पाय भाजत होते. मी त्याला म्हटलं, “नको होती तर मागितलीस कशाला? माझ्या पोरीत काय वाईट दिसलं तुला?” दोन वर्षांपूर्वी ती देऊ नये म्हणून भांडले होते, आता घेतली नाही म्हणून भांडत होते. टॉवरचा वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. मला मध्येच स्वतःचं हसू आलं. मी घरी आले आणि पायांवर पाणी ओतलं.

तेव्हा कधीतरी लक्षात आलं असावं की या पोरीने आपली सगळी इच्छा दोन हातांनी उचलून देवापुढे ठेवली होती, आणि त्याने तीच परत केली होती. माझ्याकडून निदान काहीतरी मागितलं गेलं. तिला तर देऊही दिलं नाही. तिच्यासमोर माझं दुःख लहान होतं.

त्या मे महिन्यात आमचा नंबर आला तेव्हा मी सेलिनला म्हटलं, नको येऊस. ती आली. माझ्या उजव्या हाताला उभी राहिली, पण तिचं तोंड मिटलेलं होतं, उत्तरंही म्हणत नव्हती. मी त्या ओळीपर्यंत पोचले. कार्मेलबायनी श्वास घेऊन तयारी केलेली मी पाहिली. मी ती ओळ म्हटली, मोठ्याने, आणि दर खेपेला म्हटली. मला काही समजलं होतं म्हणून नव्हे. सांगणारीने सगळ्यांच्या वतीने म्हणायची असते, आणि त्या दिवशी गल्लीत एक मुलगी अशी होती जिला ती स्वतः म्हणता येत नव्हती. कोणीतरी म्हणायला पाहिजे होती.

पुढे ती भांडुपच्या एका शाळेत लागली, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या. आधी बदली म्हणून गेली, मग तिथेच राहिली. हातांनी बोलायला शिकली. मग घरीही जेवताना हात हलवायची आणि सायमन म्हणायचा, ताटात बोट घालशील. लग्न केलं नाही. मी एकदा विषय काढला, तिने माझ्याकडे पाहिलं, मी विषय ठेवून दिला. सायमन गेला, कार्मेलबाय गेल्या. तो तरुण फादर कुठे बदलून गेला, ठाऊक नाही. गल्लीतली निम्मी घरं भाड्याने आहेत, आणि नंबर कोणाचा ते आता फोनवरच्या ग्रुपवर येतं.

लोक मला सांगतात, बघ आग्नेस, देवाने तुझ्या म्हातारपणासाठीच तिला परत पाठवलं. चांगल्या मनाने सांगतात. मी त्यांना म्हणते, माझं कंबरडं मोडणार म्हणून देवाने आधीच माझ्या पोरीचं मन मोडून ठेवलं असेल तर तसा देव मला नको. देवाची इच्छा काय होती ते मला आजही कळलेलं नाही. कळल्यासारखं बोलणाऱ्यांपासून मी लांब बसते.

गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये पडले आणि तेव्हापासून अंघोळ सेलिन घालते. पहिल्यांदा मी खूप आरडाओरडा केला. ज्या पोरीला मी न्हाऊ घातलं तिच्यासमोर उघडं बसायचं, कधी उठायचं ते तिने ठरवायचं, पाणी किती गरम ते तिने ठरवायचं. मी कधी कोणाला माझं पाणी काढू दिलं नव्हतं.

परवा रविवार होता. तिने मला स्टुलावर बसवलं आणि केसांना शिकेकाई लावत होती. पाठमोरं असलं की माणसाला विचारणं सोपं जातं. मी विचारलं, “सेलिन, अजून मनात येतं का गं, ते तिकडचं?”

तिने कानांमागे चोळलं.

“येतं,” ती म्हणाली. “रोज नाही, पण येतं.”

“मग काय करतेस?”

“काय करणार? शाळेत जाते.” तिने तांब्या भरून घेतला. “मान खाली घाल ममा, डोळ्यांत जाईल.”

आयुष्यात कोणी सांगितलं म्हणून मी मान खाली घातली नव्हती. मी डोळे मिटले आणि घातली, आणि तिने पाणी ओतलं.